मशीन सुटतेय

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. मित्रांनो, आम्हा मशिनींची मान जन्मजातच खाली असते. माझी मात्र आणखी एका कारणाने खाली गेली आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. घरी शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मला विकत घेतले आणि खिडकीपाशी ठेवले. वीस वर्षे आम्ही दोघींनी शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, दवाखान्यातले पांढरे कोट शिवले. काकूंची टीप म्हणजे पट्टीने आखलेली रेघ. गिऱ्हाईक मात्र म्हणे, "मशीन छान आहे हो!" आणि मी फुशारून जाई.

मग काकूंचा उजवा पाय पायडलवर थरथरू लागला. पोटरीत पेटका यायचा, पाय लाकडासारखा ताठ व्हायचा, पायडल आपोआप नाचायचे आणि सुई धावत सुटायची. कॉलरची टीप थेट खांद्यावर जायची. हे सर्वांत आधी मला कळले. दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून काकू मांडीवरचे कापड पावलांपर्यंत ओढून घेत.

गिऱ्हाइकांना त्या सांगत, "मशीन सुटतेय हो हल्ली. जुनी झाली."

मला भयंकर राग आला. 'नाचता येईना अंगण वाकडे' असे मी मनात म्हणाले. आज ते आठवले की वाटते, जमीन दुभंगावी आणि मला लोखंडी पायांसकट पोटात घ्यावे.

शेवटी काकूंच्या धाकट्या जाऊबाईंनी मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला. कोट न्यायला आलेली नर्सही तिथेच बसली होती. मिस्त्रीने मला उघडले, तेल घातले, चालवून पाहिले.

"काकू, मशीनला काही धाड भरलेली नाही! पाय नीट मारा की. वय झालं आता तुमचं."

जाऊबाई हसल्या. आणि खरे सांगते, मीही खूश झाले. माझ्यावरचा डाग गेला होता ना!

"हो, माझंच चुकतंय," काकू पुटपुटल्या. त्यांचा माझ्या चाकावरचा हात गार पडला होता. तेवढ्यात पायाला पेटका आला आणि पायडल खडखडू लागले.

नर्स खाली वाकली. "काकू, हे कधीपासून होतंय?"

"दीड वर्ष झालं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? शिवणारीचा पाय तिचं ऐकत नाही म्हणून? मग कापड कोण देईल मला?"

तपासण्या झाल्या. पाठीच्या मणक्यांतून जो मज्जारज्जू जातो, त्यात पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठीवर लक्ष ठेवू, गोळ्यांनी पेटके कमी होतील, पण जातीलच असे नाही. जाऊबाईंना रडू आवरेना. "ताई, एका घरात राहून मी तुम्हाला कामचुकार समजत होते हो."

मिस्त्री न बोलावता परत आला. पायडलची गती चाकाला देणारा माझा चामड्याचा पट्टा त्याने काढला, चाकाला मूठ बसवली. "आता हाताने चालवा, काकू. त्या दिवशी माझ्या तोंडाला लगाम नव्हता." एवढे बोलला आणि चहाला न थांबता गेला.

आता काम सावकाश होते. काही गिऱ्हाइके तुटली, काही टिकली.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, हे तर मी सांगणारच होते. पण कुणी सारखे म्हणू लागले की मशीन बिघडली आहे, तर मशीन उघडण्याआधी त्या माणसाची विचारपूस करा. मी तर सगळे जाणत होते, आणि तरीही स्वतःच्याच नावाला जपत बसले.

काकूंचे पाय अजून सवयीने पायडलवरच असतात. पेटका आला की पायडल खडखडते, पण पट्टा नाही, म्हणून सुई जागची हलत नाही. नवे गिऱ्हाईक दचकून विचारते, "मशीन बिघडली का हो?"

"नाही हो," काकू म्हणतात. त्यांचा चेहरा लाल होतो, पण त्या सांगतात, "मशीन चांगली आहे. तो माझा पाय आहे."

तेव्हा माझी मान आणखी खाली जाते.