लाल टिकली

"अजून जरा वर," दादा हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला. "नाही, नाही, इतकंही नको. पोरांनी काय मान मोडून बघायचं?"

शिडीवरच्या मामांनी चित्र पुन्हा खाली घेतलं आणि शिडी धरून उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. मामा म्हणजे कलादालनाचे पहारेकरी. चित्रं टांगणं त्यांचं काम नव्हतं. पण टांगणारा माणूस मोठ्या हॉलमध्ये शिल्पं मांडण्यात अडकला होता, आणि ताईचा शब्द मामा मोडत नसत.

"दादा, इथे पोरं येत नाहीत. मोठी माणसं येतात," ताई म्हणाली.

"मोठ्यांना काय दाखवायचंय? ते किंमत बघतात. चित्र बघतात ती पोरंच. घ्या मामा, आता बरोबर आहे. चिंगे, शिडी नीट धर, नाहीतर मामांचंच शिल्प होईल."

मामा हसले. ताईला कुणी चिंगी म्हणतं हे त्यांना त्या दिवशीच कळलं. दालनात ती सगळ्यांची ताई होती. दाराशेजारच्या टेबलामागे तिची नोकरी संपत आली होती. चित्रांखालच्या पट्ट्या छापायच्या, पाहुण्यांना चहा द्यायचा, फोन घ्यायचे, व्याख्यान असलं की खुर्च्या मांडून घ्यायच्या आणि नंतर त्या मोजक्या श्रोत्यांमध्ये स्वतःही बसायचं, म्हणजे वक्त्याला बरं वाटतं. उकाडा ओसरला की दालनाचा हंगाम सुरू होई. छायाचित्रकारांचं मंडळ येई, मातीची भांडी येत, फुलंच फुलं रंगवणाऱ्या बायकांचा गट येई, शनिवारी मुलांची मातीकामाची शाळा भरे आणि सोमवारी ती माती फरशीवरून खरवडावी लागे. उन्हाळा लागेपर्यंत भिंती रिकाम्या राहत नसत.

या हंगामात मात्र लहान हॉलचा एक आठवडा अचानक मोकळा पडला. एका तरुण चित्रकाराला परदेशात बोलावणं आलं आणि त्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं. संचालक बाई वैतागून ताईच्या टेबलापाशी आल्या, आता कुणाला लटकवायचं म्हणाल्या. ताई म्हणाली, माझा भाऊ चित्रं काढतो.

आजवर हे वाक्य तिनं तोंडातून काढलं नव्हतं. बहिणीनं वशिला लावला असं कुणी म्हणू नये, म्हणून ती गप्प राहिली, आणि बहिणीला अडचणीत टाकू नये म्हणून दादा गप्प राहिला. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. म्हणजे वेळापत्रकात चित्रकलेचा तास असायचा आणि बहुतेकदा तो गणिताचे सर घेऊन जायचे. उरलेल्या वेळात त्यानं मुलांना झाड काढायला शिकवलं आणि आपण मुलं काढली. आता निवृत्त होऊन, केस पांढरे होऊन, त्याची चित्रं पहिल्यांदा भिंतीवर लागत होती. इतकी वर्षं आपण नुसतं एक वाक्य गिळून बसलो होतो, हे ताईला त्या शिडीशी उभं असताना फार लागलं.

उद्घाटनाला माणसं आली, बिस्किटं संपली आणि गर्दी शिल्पं बघायला मोठ्या हॉलमध्ये गेली. दुसऱ्या दिवसापासून दादा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू लागला. कुणी आत आलं की तो उठून उभा राही. येणारा भिंतीलगत चालत एक फेरी मारी, कधीकधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारी, आणि जाई. दादा पुन्हा बसे. नंतर नंतर त्यानं उठणं सोडलं.

एका संध्याकाळी तो ताईच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, उद्याच उतरवू या का? भिंत उगाच कशाला अडवायची? आवाजात राग नव्हता. वर्गात हात वर करून बसलेल्या मुलाला कुणीच विचारलं नाही की ते जसं हळूच हात खाली घेतं, तसं तो बोलला. ताई म्हणाली, आठवडा पुरा होऊ दे. तो गेल्यावर तिनं टेबलाचा खण उघडला.

खणात लाल टिकल्यांचा कागद होता. चित्र विकलं गेलं की त्याच्या पट्टीवर गोल लाल कागदी टिकली चिकटवायची, ही सगळीकडचीच रीत. पण त्या रीतीच्या पोटात आणखी एक रीत होती. पहिली टिकली लागेपर्यंत कुणी पाकिटाला हात लावत नाही, आणि एकदा एक लागली की बघणाऱ्याला वाटतं, अरे, इथे काहीतरी आहे. म्हणून कितीतरी चित्रकार उद्घाटनाआधीच एखादी टिकली आपली आपण लावून घ्यायचे. ताईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. फुलांच्या गटातल्या बाईंनी तर तिलाच सांगितलं होतं, "लाव गं एक, पण त्या सुकलेल्या झेंडूला लाव. चांगल्याला लावून कसं चालेल, ते खरंच कुणाला हवं असेल तर?" खोटी टिकली सगळ्यात पडेल चित्रालाच लावायची, हा त्यातला नियम.

दादाकडेही तसं चित्र होतं. किनाऱ्यावरच्या होड्या. भिंत भरायला म्हणून आणलंय, असं तो स्वतःच म्हणाला होता. ताई टिकली बोटाच्या टोकावर घेऊन होड्यांपुढे उभी राहिली. तिचा हात पुढे होईना. उद्या दादा येईल आणि बघेल की जगाला त्याचं एवढंच आवडलं. खोटं का होईना, त्याला मिळणारं कौतुक तरी खऱ्या जागी पडावं, असं तिला वाटलं. ती वळली आणि तिनं टिकली 'मधली सुट्टी'ला लावली.

ते चित्र दादाचा जीव होता. रिकामा वर्ग, बाकांवर दप्तरं, खिडकीतून पडलेलं ऊन, आणि शेवटच्या बाकावर दप्तरावर गाल टेकून बसलेली एक मुलगी. बाहेर सगळे खेळत असणार. मुलगी झोपलेली नाही, नुसती बसली आहे, हे चित्र जरा वेळ बघितलं की कळे.

सकाळी दादानं टिकली पाहिली. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुणी घेतलं गं?"

"नाव सांगू नका म्हणाले. असतात असे काही जण."

"हेच घेतलं? होड्या नाही?"

"हेच."

"म्हणजे कळतं त्याला," दादा म्हणाला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. त्या दिवशी तो येणाऱ्या प्रत्येकासाठी उठून उभा राहिला. कॉलेजच्या दोन मुलींना त्यानं उन्हात निळा रंग कुठे असतो ते दाखवलं आणि त्या खरोखर थांबल्या.

दुसऱ्या कुठल्याही चित्राला टिकली लागली नाही. पण ताईला त्याचं काही वाटलं नाही. भाऊ दुपारी हसत घरी जेवायला गेला, हे तिला पुरे होतं. ती मोठ्या हॉलमध्ये व्याख्यानाच्या खुर्च्या मांडून घ्यायला गेली. ध्वनिक्षेपक खरखरत होता, त्यात वेळ गेला. परत आली तेव्हा मामा तिची वाट बघत लहान हॉलच्या दारात उभे होते.

"ताई, एक बाई आल्या होत्या. सरांच्या विद्यार्थिनी."

मामांनी सांगितलं ते असं. बाई मध्यमवयीन, खांद्याला पिशवी, बाहेरगावाहून आलेल्या. आल्या त्या थेट 'मधली सुट्टी'पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हलेनात. मामांना वाटलं, बरं वाटत नाही की काय. त्यांनी स्टूल पुढे केलं. तेव्हा बाई म्हणाल्या, ही मी आहे. पोटात दुखतंय म्हणून मी सुट्टीत आत बसायचे. दुखत वगैरे काही नव्हतं, मला कुणी खेळायला घ्यायचं नाही. सर एकदा आत आले, काहीसुद्धा विचारलं नाही. पुढच्या बाकावर बसून चित्र काढत राहिले. मग रोज यायला लागले. मला वाटायचं, फळा काढतायत.

"मग?" ताईनं विचारलं. तिला पुढचं कळलं होतं.

"मग म्हणाल्या, हे मला हवं. मी म्हटलं, बाई, ती टिकली बघा. टिकली लागली की गेलं." मामा घुटमळले. "मी बरोबर सांगितलं ना?"

"हो. बरोबर सांगितलंत."

"सरांना भेटायचं होतं बाईंना, पण त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. नाव विचारलं तर नको म्हणाल्या. मी आले होते हेही सांगू नका, उगाच त्यांना रुखरुख लागेल. ज्यांनी घेतलं त्यांच्या घरात एखादं लहान मूल असलं म्हणजे झालं, असं म्हणाल्या आणि गेल्या. आत्ताच गेल्या, तुम्ही यायच्या जरा आधी."

ताई पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. थांब्यावर माणसं उभी होती, त्यांत बायका होत्या, बऱ्याच जणींच्या खांद्याला पिशव्या होत्या. एक बस भरून निघाली. त्या मुलीचा तिनं फक्त गाल पाहिला होता, तोही दप्तरावर टेकलेला. अशा खुणेवर कुणाला हाक मारणार? ती थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली.

टिकली काढून टाकावी असं तिच्या मनात आलं. आता काढून काय होणार होतं? आयुष्यात ज्या एका माणसासाठी ते चित्र काढलं गेलं, ते माणूस दारापर्यंत आलं होतं, आणि तिनं स्वतःच्या बोटानं दार लावून घेतलं होतं. नियम पाळला असता, होड्यांना लावली असती, तर आज 'मधली सुट्टी'ला खरी टिकली लागली असती.

संध्याकाळी दादा आला. ताईनं त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. विद्यार्थिनी आली होती, एवढंच सांगितलं तर तो लगेच म्हणाला असता, घेणाऱ्याला विचार, आपण हात जोडू, ते चित्र त्या पोरीचं आहे. मग टिकलीचं सांगावं लागणार. सांगू, असं ती मनाशी म्हणत होती. पण दादा खुर्चीवर न बसता सरळ चित्रापाशी गेला, आणि त्याची ताठ पाठ बघून तिचे शब्द फिरले.

"दादा, चित्र कुणी घेतलं ते कळलं."

तो वळला. मामा दारात होते, तेही वळले.

"तुझी विद्यार्थिनी आहे. त्या बाकावरची मुलगी. ती स्वतःच. तुझ्यासाठी थांबणार होती, पण तिची गाडी होती."

दादा हळूच खुर्चीवर बसला.

"तिच्या पोटात दुखायचं," मग तो म्हणाला. "खोटंच. मला माहीत होतं."

"तिला वाटायचं, तू फळा काढतोयस."

दादा हसला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढला. मामा पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेले.

प्रदर्शन उतरलं त्या दिवशी मामांनी चित्रं कागदात गुंडाळली. 'मधली सुट्टी'ची पट्टी सोडवताना ते म्हणाले, "ताई, ही टिकली..."

"माझी होती."

मामांनी तिच्याकडे बघितलं. "बरं," ते म्हणाले, आणि कागदाला दोरी बांधू लागले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या दिवसापासून तिला चहा मात्र ते स्वतः आणून देऊ लागले, आणि त्याचंच ताईला जास्त ओझं वाटे.

हंगाम पुढे सरकला. लहान हॉलमध्ये काचेच्या वस्तू आल्या, मग पोस्टरं आली. चित्राचे पैसे ताईनं भरले आणि चित्र घरी आणलं. दादा रविवारी तिच्याकडे येई, तेव्हा ते भिंतीवर लावायचा प्रश्नच नव्हता. बाहेरगावाहून कुणी बाई दालनात आली की ती आधी खांद्याकडे बघे आणि मग चेहऱ्याकडे. एकदोघींना तिनं विचारूनही पाहिलं, तुम्ही अमक्या शाळेत होतात का? त्या नाही म्हणाल्या.

दादा मात्र बदलला. त्यानं नवे ब्रश घेतले. सकाळी उठून काढत बसे. आता हात सुटलाय म्हणे, आता कुणासाठी काढायचं ते समजलंय. त्याच्या चित्रांत पुन्हा मुलं आली, पहिल्यापेक्षा चांगली. ताई ती बघे आणि छान आहे म्हणे. छान होतीच.

एका रविवारी तो ताईच्या घरी चहा पीत बसला होता. शर्टाच्या बाहीवर हिरवा रंग होता. बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "चिंगे, कुठे लावलं असेल गं तिनं?"

"जेवायच्या खोलीत, म्हणाली होती," ताई म्हणाली.

"खिडकीसमोर नको. ऊन रंग खातं. तिला कळवता आलं तर बघ."

ताईची नजर कपाटाकडे गेली. कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून, जुन्या चादरीत ते चित्र उभं होतं.

"नाही दादा," ती म्हणाली. "तिथे ऊन अजिबात येत नाही."

"मग ठीक आहे," दादा म्हणाला, आणि उरलेला चहा त्यानं सावकाश, चवीनं प्यायला.