भिंतीच्या पोटात शिरलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, दरवाजाचे आयुष्य ते काय, उघडणे आणि मिटणे, असे तुम्ही म्हणाल, आणि ते काही खोटे नाही. पण माझ्या बाबतीत एक अजब गोष्ट घडली. ती सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे, की मला ती नीट सांगता येईल की नाही याचीच शंका वाटते. तरी सांगतोच.

माझा जन्म एका सुतारखान्यात झाला. रंध्याने मला गुळगुळीत केले, तीन पितळी बिजागऱ्या बसवल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा घरात न्हाणीघराला लावले. "काय भक्कम काम आहे!" असे येणारे-जाणारे म्हणत. मी फुगून जाई. दमट हवेत तर खरोखरच फुगत असे.

पण खरे सांगायचे तर मी त्या घरात अडचणच होतो. मी आतल्या बाजूला उघडत असे. उघडलो, की अर्धे न्हाणीघर माझ्याच बापाचे! बेसिनपाशी कुणी तोंड धूत असावे, दुसऱ्याने मला बाहेरून ढकलावे आणि आतून "आई गं!" ऐकू यावे, हे रोजचेच. घरात वडील, आई आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. तिघांच्याही कपाळावर मी कधी ना कधी टेंगूळ आणले. मुलगी मला 'टेंगळ्या' म्हणे. मला फार वाईट वाटे, पण बिजागऱ्यांपुढे माझे काय चालणार?

मग आत्या राहायला आली. ती वडिलांची थोरली बहीण. लहानपणी तिनेच त्यांना सांभाळले होते आणि पुढे चाळीस वर्षे शिवणकाम केले होते. आता तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि ती चाकांच्या खुर्चीत बसून होती. ती खुर्ची चौकटीतून सहज आत येई. पण आली, की मला मिटायला जागाच उरत नसे! म्हणून खुर्ची बाहेर ठेवायची, वडिलांनी आत्याला उचलून आत न्यायचे आणि मग मला लोटायचे. दिवसातून चार-पाच वेळा.

"लहानपणी मी तुला कडेवर घेऊन हिंडले," एकदा आत्या म्हणाली. "आता तू मला नेतोस. झाली फिट्टंफाट. पुढच्या महिन्यात मी आपली वृद्धाश्रमात जाते."

"ताई, असं काय बोलतेस? दरवाजा काढून टाकतो. पडदा लावू."

"पडदा लावायला मी काय नाटक आहे?"

सगळे हसले. पण तिच्या उशाखाली वृद्धाश्रमाचा अर्ज भरून तयार होता. फक्त सही बाकी होती. आणि हे सारे माझ्यामुळे! मला माझ्या चौकटीत उभे राहण्याची लाज वाटू लागली.

आईने एका सुतारमामांना बोलावले. त्यांनी मला दोनदा उघडून मिटून पाहिले, शेजारची भिंत बोटांनी वाजवली, आत नळ किंवा तारा नाहीत याची खात्री केली आणि मान डोलावली.

"दरवाजा झकास आहे हो. त्याची उघडायची तऱ्हा तेवढी वाईट. ह्याला भिंतीच्या पोटात घालू या."

"आणि भिंतीचं पोट दुखलं तर?" मुलीने विचारले.

"तर मला बोलव. मीच तिचा डॉक्टर."

आणि मग काय धमाल झाली म्हणता! बिजागऱ्या निघाल्या. शेजारची विटांची भिंत उतरवली. तिथे लाकडी सांगाडा उभा राहिला, दोन्ही अंगांनी पातळ फळ्या लागल्या आणि मधे माझ्या जाडीहून जराशी मोठी पोकळी राहिली. वर एक लोखंडी रूळ आला. माझ्या डोक्यावर चार चाके बसली! जमिनीवर काहीच नाही, म्हणजे खुर्चीला हिसका नको. एवढे माझे वजन, मला हे जमेल का, असे मनात आले. इतक्यात मुलीने मला एका बोटाने ढकलले.

सर्रर्र!

मी भिंतीत गडप! उभ्या आयुष्यात मी कधी धावलो नव्हतो, मित्रांनो. मुलीने मला त्या दिवशी साठ-सत्तर वेळा तरी आत-बाहेर पळवले. मग आत्या आपली खुर्ची आपणच ढकलत आत गेली, आत वळली आणि तिने मला आपल्या हाताने मिटले.

"आता तासभर कुणी हाका मारू नका!" ती आतून ओरडली.

पण अर्ज अजून उशाखालीच होता. "बघू, किती दिवस चालतंय," असे ती म्हणे.

आठवडा गेला. वडिलांना वाटले, आत्याला धरायला न्हाणीघराबाहेरच्या बोळात एक दांडी लावावी. ती न्हाणीघरात असतानाच त्यांनी गुपचूप चार स्क्रू पिळून भिंतीवर दांडी बसवली. आत नळ चालू होता. तिला काही ऐकू आले नाही.

थोड्या वेळाने तिने मला ढकलले. मी चार बोटे सरकलो आणि खट्ट! पुढे जाईना.

"अरे, हे अडकलं!"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, घाबरू नकोस! मी दरवाजा फोडतो!" ते हातोडा घेऊन धावले. मला माझ्या फुटण्याचे इतके काही वाटत नव्हते. पण मी फुटलो, की ती आजच सही करणार, या धास्तीने माझी चारही चाके गारठली.

"थांब!" फटीतून आत्या म्हणाली. "आधी सांग, आत्ता भिंतीत काय ठोकलंस?"

"तुला धरायला दांडी लावली."

"स्क्रू केवढे?"

"चांगले लांब. भक्कम बसावी म्हणून."

"शाब्बास! अरे, नवशिका शिंपी खिशावर टीप मारताना दोन्ही पदर एकत्र शिवतो. मग गिऱ्हाइकाचा हात काही खिशात जात नाही. तू भिंतीचा खिसाच शिवून टाकलास! आता उसव मुकाट्याने."

एक, दोन, तीन, चार. शेवटचा स्क्रू निघताच मी सर्रकन आत गेलो. चौकटीत आत्या हसून हसून डोळे पुसत होती.

"ताई, मी गाढव आहे."

"ते तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून मला ठाऊक आहे. म्हणूनच तुझ्या हवाली हे घर टाकून मला जाता यायचं नाही."

त्याच दुपारी तिने तो अर्ज कात्रीने कापला आणि त्या कागदावरून मुलीच्या झग्याला दोन खिसे बेतले. शिंप्याच्या खडूने भिंतीवर माझ्या पोकळीच्या कडाही आखल्या. ती दांडी आता समोरच्या भिंतीवर आहे.

मित्रांनो, उपदेश करणे मला फारसे जमत नाही. माझा रूळ अधूनमधून पुसा, चाकांना थेंबभर तेल द्या, आणि मला धाडकन आपटू नका, एवढेच मागणे. आणि एक सांगतो. सपाट, रिकामी भिंत दिसली म्हणून लगेच खिळा ठोकू नका. आत माझ्यासारखा कुणीतरी, दुसऱ्याला वाट देऊन, अंग चोरून आनंदाने उभा असेल.