मागच्या वर्षीचे तीन तास

वेंडेल क्रॅमर दुपारी साडेतीनला धापा टाकत माझ्या ऑफिसात शिरला. मला वाटलं, म्हातारा कुठली तरी केस हरलाय आणि खापर माझ्यावर फोडायला आलाय. आमच्या काउंटीत वकील दोनच, तो आणि मी. अठरा वर्षं आम्ही एकमेकांविरुद्धच उभे राहतोय.

"लोइस, माझे तीन तास कमी पडलेत!"

आमच्याकडे सनद टिकवायला वकिलाला दरवर्षी बारा तास वर्गात बसून शिकावंच लागतं, मग तो एकाहत्तर वर्षांचा का असेना. यंदाची मुदत पाच वाजता संपत होती. या पठ्ठ्यानं जमीन-कायद्याचा तोच वर्ग दोनदा केला होता, आणि दुसऱ्यांदा केलेला धरत नाहीत.

"तोच वर्ग दोनदा? लक्षात कसं नाही आलं तुझ्या?"

"दुसऱ्यांदा जरा सोपा गेला खरा."

हसायची सोय नव्हती. तास भरले नाहीत तर उद्यापासून सनद स्थगित, आणि उद्या सकाळी मारेनच्या दत्तकाची सुनावणी. तिला दत्तक घेणाऱ्या आयरिसचा वकील वेंडेल, नऊ वर्षांच्या मारेनची वकील मी. न्यायाधीश आमच्याकडे महिन्यातून एकदाच येतात. दोन घरांनी परत पाठवलेल्या त्या पोरीला "अजून महिनाभर थांब" असं सांगायची माझी छाती नव्हती.

पण दीड तासात तीन तास कुठून आणणार?

"अरे बाबा, मागच्या वर्षीचे!" मी जवळजवळ ओरडलेच. बर्फामुळे आम्ही दोघं राजधानीत अडकलो होतो, तेव्हा वेळ जाईना म्हणून त्यानं वारसा-कराचा तीन तासांचा जादा वर्ग केला होता. जादा तास पुढच्या वर्षात वळते करता येतात.

त्याचं तोंड पडलं. "निघताना हजेरीची सही नव्हती केली. वर्ग संपल्यावर व्याख्यात्याशी भांडून तसाच निघालो होतो."

मी लगेच वकिलांच्या सनदा सांभाळणाऱ्या बार कार्यालयाला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, ते पूर्ण वेळ बसले होते असं त्या वर्गाला शेवटपर्यंत हजर असलेल्या कुणीतरी पाचच्या आत शपथेवर लिहून द्यावं.

"मी होते! याच्या शेजारच्या खुर्चीत!"

"मी झोपलो नव्हतो हेही लिही," वेंडेल म्हणाला.

"झोपला असतास तर उपकार झाले असते! त्या व्याख्यात्याला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस."

शपथपत्र लिहिलं, दोघं रस्ता ओलांडून कोर्टाच्या कारकुनाकडे अक्षरशः धावलो, त्याच्यासमोर सही केली, कागद पाठवला. पाचला चार मिनिटं असताना फोन वाजला. तास वळते झाले होते! वेंडेलनं मला मिठी मारली. अठरा वर्षांतली पहिलीच, आणि मलाही रडू आवरेना.

सकाळी न्यायाधीशांनी हुकूम वाचला आणि मारेनला विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

तिनं आयरिसचा हात घट्ट धरला. "मी हिच्याकडे दोन वर्षं राहतेय. ती वर्षं पण धरणार ना?"

न्यायाधीशांनी आमच्याकडे पाहिलं. वेंडेल उठला, मीही उठले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही एकाच वेळी म्हणालो, "हरकत नाही, महाराज."