भाताचं झाकण

"गादी हाय? ताट?" अकबरने दारातच विचारलं.

"दोन्ही होती," उस्मान म्हणाला. "मोठ्या बोटीतून लहान पडावात उतरताना समुद्रानं ठेवून घेतली."

साल १९५५. कुवेतच्या शर्क भागातली ही खोली रत्नागिरीकडच्या माणसांची. नियम एकच : गादी आणि ताट ज्याचं त्याने आणायचं. अकबरकडे तर स्वतःचा स्टोव्ह होता, म्हणून खिडकीखालची हवा त्याची. उस्मानकडे अंगावरचा सदरा होता. त्या हिशेबाने त्याची जागा रस्त्यावर होती.

कोपऱ्यात मुस्तफा बी.ए.चा इतिहास मोठ्याने वाचत होता. मनात वाचलेलं त्याच्या लक्षात राहत नसे. त्यामुळे सगळी खोलीच बी.ए. करत होती.

"रोममध्ये आधी ज्याची मालमत्ता तोच शिपाई. हत्यारं ज्याची त्याने आणायची. श्रीमंत असेल तो घोडा आणी."

"शाणी माणसं!" अकबर म्हणाला.

"पुढे लढाया लांबल्या, शिपाई कमी पडले. तेव्हा मारियस नावाच्या सेनापतीने कफल्लकांनाही भरती केलं. हत्यारं सरकारची."

"मग?"

"मग शिपाई रोमपेक्षा आपल्या सेनापतीचं ऐकू लागले. शेवटी लोकांचं राज्य बुडालं."

"ऐकलात, बदरुद्दीनचाचा? नियम मोडला नि राज्य गेला!"

चाचा खोलीचा भात शिजवत. त्यांनी टोपाचं खोलगट झाकण उचललं, उलटं केलं, त्यात भात वाढला, वर कालवण ओतलं आणि उस्मानपुढे सरकवलं.

"चाचा, झाकण?" अकबर ओरडला.

"भात शिजला. आता त्याला काय काम? जेव रे तू, उस्मान."

झोपताना चाचांनी आपली गादी आडवी टाकली. दोघांची पाठ गादीवर, पाय जमिनीवर.

मुस्तफा पास झाला. उस्मान गोदामात लागला. त्याने ताटं बरीच घेतली. पण दर वेळी दारात कोणीतरी रिकाम्या हाताने उभा असे आणि ताट त्याच्याकडे जाई. अकबरने नियम बदलला नाही. तो फक्त विचारायला विसरू लागला.

१९६४ साली चाचा कायमचे गावी निघाले. उस्मानला सुट्टी नव्हती. गोदामाचा मुकादम नाही म्हणाला. उस्मान तरीही चाचांना पोचवायला गेला. रोमचं पुन्हा तेच झालं.

चाचांची वळकटी डोक्यावर घेऊन तो बोटीपर्यंत चालला. बोलायचं बरंच होतं. "चाचा, वळकटी संभाळा," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी भात उस्मानने चढवला. सगळ्यांची ताटं मांडून झाली. टोपावर झाकण वाफेने थडथडत होतं. उस्मान समोर बसून राहिला. भात शिजल्याशिवाय त्याला ताट मिळणार नव्हतं.