पान एकशे एक

आमच्या विद्यापीठ प्रकाशनाच्या एका जाडजूड ग्रंथाची दुसरी आवृत्ती अकरा वर्षांनी निघायची होती. मी तिथली मुद्रितशोधक. पहिल्या आवृत्तीची प्रुफंही मीच वाचलेली. लेखक सर स्वतःची प्रत घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "काही बदल नाहीत. ओळन् ओळ डोळ्यांखालून घातली आहे."

सर चहा पीत बसले. मी चाळायला लागले, तर मधली चार पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती, बांधणीच्या वेळी कापायची राहून गेलेली. बाइंडरकाकांना हाक मारली. त्यांनी एकदा पुस्तकाकडे, एकदा सरांकडे बघितलं.

"फार जपून वापरलंय हो," म्हणाले आणि सुरीने पानं कापून दिली.

आत पान एकशे एकवर, परिच्छेदाच्या मधोमध, मजकुराच्याच टाइपात छापलं होतं: 'सर, हे वाक्य अर्धवट वाटतं. बघाल का?'

प्रश्न माझा. प्रुफाच्या समासात मी तो पेन्सिलीने लिहिला होता आणि टाइप करणाऱ्याने इमानेइतबारे मजकुरात घातला होता. शेवटच्या प्रुफावर 'छापावे' ही सहीसुद्धा माझीच. अकरा वर्षांत एकाही वाचकाचं पत्र नाही. परीक्षणं तीन आली, तिन्ही उत्तम.

मी पान सरांपुढे धरलं. त्यांनी सावकाश वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले. "काढून टाका."

नव्या आवृत्तीत तो प्रश्न नाही. वाक्य तेवढं अजून अर्धवट आहे.