फोटोतला तिसरा हात

मी इस्त्री बोलतेय. हो, तीच, कारखाना जाळणारी. मालकांच्या केबिनमध्ये मला कपाटावर ठेवलंय आणि पोटावर चिठ्ठी चिकटवली होती, 'हिच्यामुळे आग लागली.' माझ्या डोक्यावर भिंतीला एक मोठा फोटो आहे. त्यात आमचा सुपरवायझर एका तान्ह्या बाळाला छातीशी धरून उभा आहे, मागे धूर. खाली लिहिलं होतं, 'आमचा हिरो.'

वर्षभर मी त्या फोटोखाली बसून आहे. माझ्यासारखी तापट बाई वर्षभर गार बसली, यावरून काय ते समजा.

शर्ट शिवायच्या कारखान्यात मी आले तेव्हा कोरी करकरीत होते, पण वजनाला जड. पहिल्या दोघींनी मला दोन दिवसांत नाकारलं, मनगट जातं म्हणाल्या. तिसरी आली ती मावशी. तिने मला उचललं, तोललं आणि म्हणाली, "जड आहे ते बरं. कामाला येईल." कुठल्या कामाला, ते तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

माझ्या टेबलामागेच एक खोली होती. शिवणाऱ्या बायकांची लहान मुलं तिथे कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपायची. रांगणारी मुलं टेबलापर्यंत यायची. एकदा एकाने माझी वायर ओढली आणि मी खाली पडले, त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब. मावशी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून पाणी प्यायला उठली तरी आधी प्लग काढायची, वायर माझ्या मुठीभोवती गच्च गुंडाळायची, प्लग आत खोचायची आणि वर कापडाच्या काठाची निळी पट्टी बांधायची. गाठी दोन. पट्ट्या हाताशी असाव्यात म्हणून एक नेहमी मनगटाला बांधलेली असायची. बायका चिडवायच्या, "मावशी, इस्त्रीची वेणी घातलीस, आता पावडर पण लाव." मावशी म्हणायची, हसा, तुमचीच पोरं वाचतायत.

सुपरवायझरला बायका पाठीमागे 'घड्याळ' म्हणायच्या. कोण किती मिनिटं मुलाजवळ बसली, हे त्याला तोंडपाठ. मुलांच्या खोलीला गल्लीत उघडणारं दार होतं. बायका तिथून हवा खायला जातात म्हणून त्याने त्याला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. बटणं लावणाऱ्या सुनबाईचं बाळ तीन महिन्यांचं होतं. आम्ही सगळे तिला सुनबाईच म्हणायचो. उकाड्याने बाळाच्या अंगावर पुरळ आलं, म्हणून तिने दोनदा दार उघडायला सांगितलं. हवा खायची असेल तर घरी बस, असं उत्तर मिळालं.

आग लागली ती जेवणाच्या सुट्टीत. पुढच्या दाराजवळच्या एकाच बोर्डावर त्याने आणखी दोन मशीन जोडली होती. बायका अंगणात जेवत होत्या. मावशी मात्र माझ्याजवळ बसूनच जेवायची, मुलं उठली तर ऐकू यावं म्हणून. मी वेणी घालून गप्प बसले होते. बोर्डावर ठिणगी उडाली, शेजारच्या गठ्ठ्याने पेट घेतला. घड्याळ सगळ्यात जवळ होतं. ते सगळ्यात आधी बाहेर पळालं. किल्ली खिशातच.

मावशीने ताट सोडलं, मला उचललं आणि मुलांच्या खोलीत शिरली. पहिल्या घावाला माझं नाक वाकलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पाचव्या घावाला कुलूप तुटलं. मला उंबऱ्यात टाकून तिने आधी सगळ्यात लहान, सुनबाईचं बाळ उचललं. गल्लीत घड्याळ वळसा घालून येऊन उभं होतं. मावशीने बाळ त्याच्या हातात दिलं आणि लगेच मागे फिरली. बाळ हातात देतानाच्या त्या क्षणी समोरच्या गच्चीवरून कुणीतरी फोटो काढला.

आत अजून तिघं होती. दोघांना तिने काखेत आणलं. तिसरा भिऊन गठ्ठ्यांमागे लपला होता. त्याला घेऊन आली तेव्हा तिचे केस जळले होते आणि हातांची सालं निघाली होती. धुराने गळा असा बसला की चार महिने आवाज फुटला नाही.

ती दवाखान्यात पडून असताना बाहेर हिरो तयार झाला. मी उंबऱ्यात होते. तिथेच माझी गुंडाळलेली वायर वितळून मुठीला चिकटली. दुसऱ्या दिवशी घड्याळाने मला उचलून जळक्या टेबलावर ठेवलं आणि लोकांना दाखवलं, बघा, ही चालू ठेवून मावशी जेवायला बसली. जन्मात कधी इस्त्री हातात धरली नव्हती त्याने. घरी बायको शर्ट करून देते. त्याला वायर म्हणजे नुसती वायर.

मावशीचं काम गेलं. आवाज परत आला तेव्हा तिचं कुणी ऐकून घेईना. दुसऱ्या कारखान्यांच्या फाटकावर तिला ओळखायचे, आग लावणारी आली म्हणून. इकडे सुनबाई दर महिन्याला बाळाला घेऊन यायची आणि घड्याळाच्या पाया पडायची. मी वरून बघायचे आणि एकच मागायचे. एकदा, फक्त एकदा, त्याच्या कॉलरवर मला तापवून टेकवा, आणि शर्ट अंगातून काढू नका.

गेल्या आठवड्यात आगीला वर्ष झालं. त्याला मॅनेजर करायचा समारंभ होता. हिरोला फुलं द्यायला सुनबाईला बोलावलं होतं. आधी केबिनमध्ये सगळे जमले. मुलगा आता पायावर उभा राहतो. आईच्या कडेवरून त्याने हात लांब केला आणि माझी वायर ओढली. सुनबाई दचकली, त्याचा हात पकडला, आणि वायरीकडे बघतच राहिली. वितळलेल्या रबराखाली दोन बोटं निळी पट्टी शिल्लक होती. तिने नखाने ती उकरली.

"साहेब, ही वायर कोणी गुंडाळली?"

"कोणी नाही. टेबलावर जशी सापडली तशीच आहे. मी बोटसुद्धा लावलं नाही."

"प्लग आत खोचलेला आहे. मग ही चालू कशी होती?"

घड्याळ हसलं. आगीत काय कुठे सरकेल सांगता येतं का, म्हणालं. सुनबाई हसली नाही. वर्षभर ज्या फोटोपुढे ती हात जोडत होती, तो तिने पहिल्यांदा नीट बघितला.

"मालक, ह्यात हात किती दिसतात?"

मालकांनी चष्मा लावला. बाळाच्या पाठीवर दोन हात. आणि मानेखाली, चौकटीच्या अगदी कडेला, तिसरा. मनगटाला निळी पट्टी.

"कुणाचा तरी असेल धावपळीत," घड्याळ म्हणालं.

"कुणाचा तरी नाही. माझं पोर देणारीचा आहे." तिने त्या मनगटावर बोट ठेवलं. "मी वर्षभर घेणाऱ्याच्या पाया पडले."

मालकांनी शांतपणे विचारलं, मागच्या दाराची किल्ली तेव्हा कुठे होती? सवयीने घड्याळाचा हात खिशाकडे गेला. सगळ्यांनी तो बघितला.

समारंभ झाला नाही. मालकांनी मावशीला बोलावून घेतलं. सुनबाई तिच्या गळ्यात पडली आणि खरी हिरो तूच म्हणाली. मावशी बसक्या आवाजात म्हणाली, "मला हिरो नको करू. दाराला कुलूप नसतं तर मी साधी इस्त्रीवालीच राहिले असते. तेच बरं होतं." मग तिने मला मांडीवर घेतलं, चिठ्ठी सोलून काढली. गाठी सोडल्या नाहीत.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, कुणाला हिरो म्हणण्याआधी फोटोतले हात मोजा. आणि कुलूप कुणी लावलं तेही विचारा.

मालक लाजेने फोटो उतरवणार होते. सुनबाई म्हणाली, राहू द्या, फक्त खालची ओळ बदला. आता तिथे लिहिलंय, 'तिसरा हात मावशीचा.' मावशी नव्या टेबलावर आहे. मी अजून ह्याच कपाटावर आहे. घड्याळ सुपरवायझरचं पुन्हा साधं माप घेणारं झालंय आणि रोज ह्या भिंतीसमोरून मान खाली घालून जातं. मावशीने त्याला माफ केलंय म्हणे. करू दे, ती माणूस आहे. मी लोखंड आहे. मला तापायला वेळ लागतो आणि गार व्हायला त्याहून जास्त.