दुसरं आमेन

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या ऊर्जा समितीसमोर टॉलिव्हर एनर्जी कंपनीचे उपाध्यक्ष ग्रँट हॅलोवे साक्ष देत असताना, त्यांच्या मागच्या रांगेत बसलेल्या ऑर्लिया बातिस्त या एकाहत्तर वर्षांच्या बाई मोठ्याने ‘आमेन’, म्हणजे ‘तथास्तु’, असं म्हणाल्या. समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद झाली. दुपारच्या आत विधेयकातलं भोंग्याचं कलम आवाजी मतदानाने वगळण्यात आलं. आवाजी मतदानात कोण कोणत्या बाजूने बोललं, याची नोंद राहत नाही.

ऑर्लिया वॉशिंग्टनला गेल्या होत्या त्या याच कलमासाठी. लुइझियानातल्या सेंट ओडिल गावाला लागून टॉलिव्हरचा वायूप्रकल्प आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे रात्री गळती झाली आणि कंपनीचा सावधगिरीचा निरोप गावकऱ्यांच्या फोनवर आला तो तीन तासांनी. तोवर ऑर्लियांच्या थोरल्या बहिणीला दवाखान्यात हलवावं लागलं होतं. ती घरी परतली नाही. कलम साधं होतं. कुंपणावर हवा मोजणारी यंत्रं बसवायची, आणि वायू सुटला की भोंगा आपोआप वाजला पाहिजे. कोणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही.

हे कलम लिहिलं होतं डॅनेल फॉन्टेनोने. डॅनेल सेंट ओडिलचीच. सहा वर्षं ती आमच्या प्रतिनिधींच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात कामाला होती. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरलं होतं ऑर्लियांनी, म्हणून ती त्यांना ‘नॅनन’ म्हणते. आमच्याकडे धर्ममातेला तसंच म्हणतात. गळतीनंतर ती गावी आली, ऑर्लियांच्या स्वयंपाकघरात गंबोच्या कालवणाचं ताट बाजूला सारून तिने मसुदा केला आणि एकेक वाक्य त्यांना वाचून दाखवलं.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. सगळ्यांनी चर्चचे निळे सदरे घालून या, जागा मी धरून ठेवते, असं ती म्हणाली. त्या शहरात अशा सुनावणीसाठी पहाटेपासून रांग लागते, आणि रांगेत पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभी राहणारी माणसं असतात. बसने दोन दिवसांचा प्रवास करून चौदा जण पोचले, तेव्हा रांगेतल्या भाडोत्री माणसांनी आपल्या जागा त्यांना दिल्या. जागा पुढच्या होत्या. क्लोव्हिस गिलरी हे निवृत्त कोळंबीवाले म्हणाले, “लग्नातसुद्धा मला कधी इतकं पुढे बसवलं नव्हतं. स्वतःच्या.”

पुढची खुर्ची साक्षीदाराची होती आणि तीत हॅलोवे येऊन बसले, हे कोणाला खटकलं नाही. कोणीतरी तिथे बसणारच होतं. कॅमेरा समोर होता. त्याला हॅलोवेंचा चेहरा दिसत होता आणि मागे चौदा निळे सदरे.

हॅलोवे सावकाश बोलत होते. ते आधी गावावर पूर्वी आलेल्या वादळाबद्दल बोलले. त्या वादळात सेंट ओडिलची अकरा माणसं गेली. त्यांनी अकराही नावं वाचली, उच्चार न चुकता. शेवटचं नाव ऑर्लियांच्या भावाचं होतं. मग ते म्हणाले, “देव त्यांना शांती देवो.”

रांगेतून ‘आमेन’ आलं. ते कोणाला अडवता येण्यासारखं नव्हतं. मृतांची नावं घेतली की आमच्या चर्चमध्ये ते येतंच. त्यानंतर सगळे गप्प राहतात, आणि जमलेल्यांत वयाने सर्वांत मोठी असलेली बाई एकटीच दुसऱ्यांदा ‘आमेन’ म्हणते. ते म्हटल्याशिवाय प्रार्थना संपली असं कोणी मानत नाही. बाहेरच्या माणसाला ही रीत ठाऊक असण्याचं कारण नाही.

हॅलोवे मात्र त्या शांततेत थांबले नाहीत. एकच वाक्य बोलले आणि मग थांबले. वाक्य असं होतं: “या लोकांना सक्तीचा भोंगा नको आहे, त्यांचा आमच्यावर विश्वास आहे.”

ऑर्लियांचे डोळे मिटलेले होते. मनात भाऊ होता. त्या ‘आमेन’ म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि गावातून आल्याबद्दल आभार मानले. क्लोव्हिस त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “ऑर्लिया, काय बोललीस कळलं का तुला?” तेव्हा त्यांना कळलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या, पण साक्षीदार नसलेल्या माणसाला तिथे बोलता येत नाही. सुरक्षारक्षकाने त्यांना नम्रपणे दाराबाहेर नेलं.

बाहेर डॅनेल उभी होती. तिच्या हातात हॅलोवेंचा कोट होता.

जानेवारीतच तिने प्रतिनिधींची नोकरी सोडून टॉलिव्हरची धरली होती. गावात तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. कायद्यानुसार तिला वर्षभर आपल्या जुन्या कार्यालयाशी कंपनीतर्फे बोलता येत नव्हतं. गावाशी बोलायला कायद्याची आडकाठी नव्हती.

क्लोव्हिस मागोमाग बाहेर आले होते. पुढचं बोलणं त्यांनी ऐकलं.

“नॅनन, आधी बस. पाणी आणू?”

“कोट कोणाचा आहे?”

भोंगा असाही टिकला नसता, असं डॅनेल सांगू लागली. मतं आधीच ठरली होती. आपण कंपनीत असलो तर निदान फोनवरचा निरोप तरी वेळेवर जाईल, बाहेर राहून तेवढंही झालं नसतं, वगैरे. बोलणं संपल्यावर ऑर्लियांनी एकच विचारलं.

“दुसरं आमेन कुठे पडतं, हे त्या माणसाला कोणी सांगितलं?”

“भाषण त्यांचंच आहे, नॅनन.”

“मी भाषणाचं नाही विचारलं, पोरी.”

डॅनेलने कोट दुसऱ्या हातावर घेतला. मग म्हणाली, “मी फक्त कुठे थांबायचं ते सांगितलं.”

ऑर्लिया तिथून जिन्याकडे चालू लागल्या. क्लोव्हिस डॅनेलला म्हणाले, “कोट नीट धर. चुरगळला तर पगार कापतील.”

त्या तिमाहीत टॉलिव्हरने संसद आणि सरकारी खात्यांकडे आपली बाजू मांडण्यासाठी तेवीस लाख डॉलर खर्च केले. कंपनीने तसं स्वतःच जाहीर केलं आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. सुनावणीचं छायाचित्र कंपनीने आठवड्याभरात छापलं. त्याखाली ‘शेजारी आमच्या पाठीशी’ असा मजकूर आहे. छायाचित्रात ऑर्लियांचे डोळे मिटलेले आहेत.

इतिवृत्तातलं आपलं ‘आमेन’ काढून टाकावं, अशी विनंती ऑर्लियांनी समितीला केली. दुरुस्ती फक्त सदस्य आणि साक्षीदार सुचवू शकतात, असं उत्तर आलं. त्यानंतरच्या तीन रविवारी त्या चर्चला गेल्या. तिसऱ्या रविवारी एका मृताचं नाव घेतलं गेलं. सगळ्यांचं आमेन झालं आणि सगळे थांबले. ऑर्लियांच्या तोंडून शब्द निघाला नाही. बऱ्याच वेळाने पाद्र्यांनी पुढचं भजन सुरू केलं.

दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे सेनेटच्या मसुद्यात भोंग्याचं कलम अजून आहे. तिथली समिती सेंट ओडिलच्या एका रहिवाशाची साक्ष घेणार आहे. गावाने ऑर्लिया बातिस्त यांचं नाव पाठवलं आहे. टॉलिव्हरने डॅनेल फॉन्टेनोचं सुचवलं आहे. मतदार म्हणून तिचा पत्ता अजून तिच्या आईच्या घराचा, सेंट ओडिलचाच आहे. या दोघींपैकी कोणाला बोलवायचं, हे समितीने काल संध्याकाळपर्यंत कळवलेलं नाही.